लेकीच्या खानावळीत

माझ्या लहानपणी आमच्या घरात कुणी कुणाकडं काय खायचं याचे इतके कायदे होते, की पाढ्यांच्या आधी मला तेच पाठ झाले. सुतकात कुणाकडचं चालतं, नव्या सोयरिकीत कुणाकडचं चालत नाही, चहा म्हणजे जेवण धरायचं की नाही, गुळाचा खडा तोंडात टाकला तर तो पाहुणचार झाला की नुसतं तोंड गोड झालं, यावर आमची माय आणि शेजारची बायजा तास-तास बोलत बसायच्या. माय जात्यापाशी आणि बायजा उंबऱ्यावर. जात्याची घरघर थांबली की मी ओळखायची, मुद्दा अडलाय. या सगळ्या कायद्यांत एक मात्र वादाच्या पलीकडचा होता. लेकीला मूल होईपर्यंत आई-बापानं तिच्या सासरच्या अन्नाला शिवायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. असं का, म्हणून मी एकदा विचारलं तर माय म्हणाली की असंच असतंय, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्याच वेळी मान हलवली. त्या दोघांचं एकमत वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं, त्यामुळं मी पुढं काही विचारलं नाही.

माझी थोरली बहीण सोनाक्का जालन्याला दिलेली होती. तिच्याकडं जायचं म्हणजे गाडीत भाकरीचं गाठोडं, ठेचा, चार कांदे आणि आमच्याच विहिरीच्या पाण्याची घागर असं सगळं बरोबर घ्यायचं. तिच्या सासरी पोचलं की माय आणि आबा ओसरीवर बसून ते गाठोडं सोडायचे. अक्का समोर बसायची. तिला वाढायला काही नसायचं, म्हणून ती नुसती पदराशी चाळा करत बसायची आणि भाकरीला तेल लावलंय का, ठेच्यात लसूण कुठला, असलं काहीबाही विचारायची. धाकट्या भावंडांना हा कायदा लागू नव्हता. मी आत चुलीपाशी बसून तिच्या सासूनं दिलेला शिरा खायची, आणि त्या वयात मला तो कायदा फारच सोयीचा वाटायचा.

अक्काचे सासरे भागूजी. त्यांच्या बैलगाड्या होत्या, जिनिंगमधल्या रुईच्या गाठी स्टेशनावर नेऊन टाकायचं काम होतं. पुढं लॉऱ्या आल्या आणि बैलांना काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी नवीन जालन्यात स्टेशनासमोर पत्र्याची खोली घेऊन खानावळ काढली. आमच्याकडं भात म्हणजे सणाचं अन्न, पण रेल्वेचे गार्ड आणि कोळसा मारणारे बरेचसे हैदराबादेकडचे, त्यांना दोन्ही वेळा भात लागायचा आणि मिळाली तर मासळी. त्यासाठी भागूजींनी राजय्या नावाचा एक तेलंगी आचारी ठेवला. हा राजय्या अक्काला चिंच घालून मासळीचं कालवण करायला शिकवून एक दिवस गावी गेला तो परत आलाच नाही, आणि खानावळीची चूल अक्काकडं आली. हे सगळं मी आता सांगते तसं सरळ आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला कळत होतं ते एवढंच, की दोन पंचम्या गेल्या तरी अक्का माहेरी आली नाही. दर वेळी निरोप यायचा की खानावळीचं काम सुटत नाही. माय प्रत्येक जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर उलटा निरोप धाडायची: काही विशेष आहे का म्हणून विचारा. त्याचं उत्तर कधी यायचं नाही.

मग एकदा आबा हसनाबादच्या बाजाराहून आले ते मीठ विसरूनच. पिशवी खुंटीला न लावता खाली टाकली आणि तसेच बसले. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की, तुमची लेक जालन्याला टेसनापुढं परक्या बाप्यांना ताटं वाढून राह्यली, आम्ही आमच्या डोळ्यांनी बघून आलो. आबा म्हणाले, "खरं असलं तर घेऊन येतो तिला. कायमची." मी हे ऐकून आनंदानं उठलेच होते. अक्का कायमची आली तर यापेक्षा चांगलं काय. पण मायकडं पाहिलं तर ती पांढरी पडलेली. सासर सोडून कायमची आलेली लेक म्हणजे काय असतं हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळं हसावं की गप्प बसावं हे न कळून मी तशीच उभी राहिले.

खरंखोटं करायचं तर खानावळीत जाऊनच बसायला हवं होतं. घरी गेलं तर घर दिसणार, खानावळ कशी दिसणार? पण खानावळीत बसायचं म्हणजे जेवायचं, आणि तिथं कायदा आडवा येत होता. आबा दोन दिवस जोत्यावर बसून विचार करत राहिले आणि शेवटी गावातल्या मारवाडी शेठकडं गेले. शेठची लेक मंठ्याला दिलेली. त्यांचा कायदा आमच्यापेक्षा कडक, लेकीच्या सबंध गावाचं पाणी त्यांना वर्ज्य. आणि व्यापार तर सगळा मंठ्याच्याच बाजारात. मग उन्हाळ्यात तुम्ही तिथं करता काय, असं आबांनी विचारलं. शेठ म्हणाले, विहिरीच्या काठावर आधी पैसा ठेवतो आणि मग पाणी पितो. विकत घेतलेलं पाणी ना लेकीचं, ना जावयाचं. आबा घरी आले ते शेठचे शब्द घोकतच. मायनं जातं थांबवलं.

"पैसे देऊन जेवायचं म्हंजी लेक परकी करायची," ती म्हणाली.

"अगं, येका दिवसापुरती."

"येका दिवसापुरती कशी परकी करत्यात ते सांगा मला."

आबांना ते सांगता आलं नाही. मलाही आज सांगता येणार नाही, आणि माझं वय आता त्या वेळच्या आबांच्या दुपटीच्या पुढं गेलं आहे. पण गाडी जुंपली गेली. जालन्याला शेठच्या भावाच्या जिनिंगच्या आवारात आम्ही उतरलो. तिथं कापसाचे तंतू सगळीकडं उडत होते, भाकरीवर, आबांच्या मिशीवर, माझ्या डोळ्यांत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं स्टेशनाकडं निघालो. मायनं अक्काच्या ओटीसाठी खण-नारळ घेतला होता, आणि सवयीनं भाकरीचं गाठोडंही. मी विचारलं, खानावळीत आपली भाकर कशाला? माय म्हणाली, असू दे. गिऱ्हाइकानं खानावळवाल्याच्या सुनेची ओटी भरायची असते का, हे मात्र मी विचारलं नाही, कारण तिलाही ते ठाऊक नव्हतं हे तिच्या चालण्यावरूनच दिसत होतं.

खानावळीच्या दारावर मोठ्या उर्दू अक्षरांत पाटी होती आणि खाली बारीक मराठीत भोजनालय. आत चार लांब बाकं, हलक्या जर्मन धातूच्या ताटल्या, चिंचेचा आणि मासळीचा वास, आणि मधूनच येणारा इंजिनाचा धूर. चपला काढायच्या की नाही यावरून आमचं दारातच अडलं. आबांनी काढल्या, आत बघितलं तर सगळे पायताणासकट बसलेले, म्हणून परत घातल्या. मायनं काढल्या त्या काढल्याच. गल्ल्यावर भागूजी बसले होते. आम्हाला बघून ते उठले, घरात चला म्हणाले, इथं कुठं, म्हणाले. आबांनी कमरेची दोन आण्यांची चवली काढून गल्ल्याच्या फळीवर ठेवली. "आज पाव्हणे म्हणून आलो न्हाई, इवाई. गिऱ्हाईक म्हणून आलोत."

भागूजींची तेव्हा जी गत झाली ती आठवली की मला त्या माणसाची कीव येते. चवली उचलावी तर व्याह्याकडून जेवणाचे पैसे घेतले म्हणून सगळ्या सोयऱ्यांत छी-थू. न उचलावी तर जेवण फुकटाचं होणार, म्हणजे लेकीच्या घरचं होणार, आणि आमचा कायदा मोडल्याचं पाप त्यांच्या माथी. त्यांनी धोतराला हात पुसले. आत ओरडून पाणी मागवलं, मग आठवण होऊन पाणी आणू नका म्हणाले, मग आबांकडं बघून पुन्हा आणा म्हणाले. चवली फळीवर तशीच राहिली आणि ते दोघं सगळा वेळ तिच्याकडं न बघता बोलत राहिले. कोपऱ्यात एक पडदा लावलेला होता, गाडीनं येणाऱ्या बायकांसाठी. माय आणि मी त्या पडद्याआड बसलो. आबा बाहेर बाकावर. मध्ये नुसतं कापड, आबांचं खाकरणंसुद्धा ऐकू येत होतं.

आतल्या चुलीकडचं दार पडद्याआडच उघडायचं, त्यातून अक्का आली. मला आधी ती ओळखूच आली नाही. दंड भरलेले, मनगटावर वाफेचे डाग, चालणं भराभर, हातात दोन ताटल्या. तिनं मायला पाहिलं आणि थांबली. मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "मला नको. म्या पैसे दिले न्हाईत आन् देणारबी न्हाई." एक ताटली तिनं माझ्यापुढं ठेवली. पांढराधोप भात, शेजारी लालभडक कालवण आणि त्यात डोळ्यासकट मासा. परवा पुण्यात माझ्या नातीनं मला तिच्या गल्लीतल्या जपानी हॉटेलात नेलं. भाताच्या गोळीवर कच्च्या माशाचा तुकडा, आणि खायला दोन काड्या. असलं तू जन्मात पाहिलं नसशील आजी, असं ती म्हणाली. मी तिला म्हटलं, बाई गं, भात आणि मासळी मी नऊ वर्षांची असताना एका ताटलीत माझ्यासमोर पहिल्यांदा आली, आणि कशाला कुठून हात घालायचा ते तेव्हाही कळलं नव्हतं.

मी माशाच्या डोळ्याकडं बघत असताना अक्कानं विचारलं, कौसा, आबा कुठं. मी पडद्याकडं बोट केलं. तिनं डोक्यावरून पदर ओढला, दुसरी ताटली उचलली आणि पडदा सारून सरळ बाहेर गेली. भागूजींचा आवाज आला, सूनबाई, थांब, मी देतो. बाकांवरची बोलणी बंद पडली. मी फटीतून बघत होते. पाच-सहा रेल्वेची माणसं मान वर करून बघत होती आणि अक्का आबांपुढं ताटली ठेवत होती. पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं की त्या दिवसापर्यंत ती कधी बाकांकडं आलीच नव्हती. बाहेर वाढायचं काम भागूजींचं आणि आमच्या दाजींचं. हसनाबादच्या बाजारात त्या माणसानं कुणाला बघून सांगितलं देव जाणे. ज्या गोष्टीसाठी आबा तिला कायमची न्यायला आले होते, ती गोष्ट आबा आले म्हणूनच घडली. आबांच्या हे ध्यानात आलं की नाही, सांगता येत नाही. ते ताटलीवर हात धरून नुसते बसले होते.

अक्का म्हणाली, "आबा, गिऱ्हाईक म्हणून आलात तर पोटभर जेवा. बाप म्हणून येता तवा उपाशीच जाता."

आबांनी जन्मात मासळी खाल्ली नव्हती. त्यांनी भाकरीसारखा मासा मधोमध मोडला आणि काटे बघून थबकले. अक्कानं उभ्या उभ्या त्यांना सांगितलं की पाठीकडून सोडवा, पोटाकडचा काटा बारीक असतो. त्यांनी पाठीकडून सोडवला. पहिल्या घासाला त्यांना ठसका लागला, आणि कुणीतरी हैदराबादी माणूस हसून म्हणाला, आहिस्ता, बडे मियाँ. आबा त्याच्याकडं बघून हसले. माझे आबा, गावात कुणाच्या चेष्टेला न हसणारे, परक्या माणसांत मासळी खात हसत होते. मला कुणाची बाजू घ्यावी तेच कळेना.

अक्का पडद्याआड परत आली तेव्हा मायनं तिचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली की, दोन पंचम्या गेल्या, तुला ही माणसं पाठवत न्हाईत, आता तुझे आबा न्यायलाच आल्यात, चल घरी.

"त्यांनी न्हाई अडवलं," अक्का म्हणाली. "मीच आले न्हाई."

मायला हे समजलं नाही. मलाही नाही. का, असं मायनं विचारलं तर अक्का आमच्यापुढं उकिडवी बसली आणि जमिनीकडं बघत बोलायला लागली. "गावात आले की बायजा इचारती, पाणवठ्यावर बाया इचारत्यात. तू निरोप धाडतीस त्यात तूबी त्येच इचारतीस. आन् तुमी दोघं माझ्या घरी येता, वसरीवर गाठोडं सोडता. तवा तर कुणी इचारायचीबी गरज न्हाई, माय. सगळ्या आळीला दिसतंय की हिला अजून काही न्हाई. हितं चाळीस माणसं येत्यात. बाहेरून भात द्या म्हणत्यात, कालवण द्या म्हणत्यात. माझ्या पोटाकडं कुणी बघत न्हाई."

ती मोठ्यानं बोलली नव्हती, पण पलीकडं आबांच्या ताटलीचा आवाज थांबला. मी त्या कायद्याला आजवर खाण्याचा कायदा समजत होते. आम्ही भाकरी बांधून नेत होतो ती अक्काच्या दारात उघडली की काय होत होतं हे मला त्या दिवशी अर्धंमुर्धं कळलं, आणि जे कळलं त्यानं माझा घास तोंडात फिरायला लागला. मागच्या भेटीत मीच तिला विचारलं होतं की तुला बाळ कधी होणार, म्हणजे आमच्या आबांना तुझ्याकडं शिरा मिळेल. ती तेव्हा हसली होती. मला फार लाज वाटली.

पडद्यापलीकडून आबांचा आवाज आला. ते भागूजींशी बोलत होते. "इवाई, मी लेकीला न्यायला आल्तो."

भागूजी म्हणाले, "मंग न्या की. तुमची लेक हाय. मी कोण अडवणारा." स्टेशनात इंजिन पाणी घेत होतं तेवढाच आवाज.

"भात द्या थोडा," आबा म्हणाले.

अक्का उठली नाही. भागूजींनीच वाढला असावा. आबा पुन्हा जेवायला लागले. मग एक गार्ड उठला, गल्ल्यावर पैसे दिले, आणि मोड देताना भागूजींच्या हातानं फळीवरची चवली बाकीच्या पैशांत लोटली गेली. मुद्दाम लोटली की चुकून, हे मला कधी कळलं नाही, आणि त्या दोघांनीही एकमेकांना कधी विचारलं नाही. त्यानंतर आबा कापूस घेऊन जालन्याला गेले की त्याच बाकावर बसून जेवून यायचे, मरेपर्यंत. अक्काला मूल झालंच नाही. ते झाल्यावर जेवू म्हणून थांबले असते, तर माझ्या बापाला लेकीच्या दारात कधी घास मिळाला नसता.

पण त्या दिवशी माय अजून उपाशीच होती. पहाटेपासून तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. अक्काचं बोलणं ऐकल्यापासून तिनं भाकरीचं गाठोडं पाठीमागं सारलं होतं आणि ते आता सोडायची तिची हिंमत नव्हती. पैसे देऊन लेक परकी करणं तिला जमणार नव्हतं. फुकट खावं तर कायदा. ती भिंतीला टेकून बसली होती आणि अक्का तिच्यासमोर. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. माझी ताटली निम्मी उरली होती आणि माझ्यानं पुढं खाववत नव्हतं. मी ती बाजूला सारली.

"टाकू नको," माय म्हणाली.

मी म्हटलं, माझं पोट भरलं. मायनं ताटली आपल्याकडं ओढली. घरी हे रोजचंच होतं. मी ताटात टाकलेलं ती चुलीपाशी बसून संपवायची, त्याकडं कुणाचं लक्षही नसायचं. पण इथं मी घाबरून अक्काकडं पाहिलं, मग मायकडं. मी म्हटलं, माय, पण हे तर.

"माझ्या लेकराचं उष्टं हाय," माय म्हणाली. "त्यात कुणाचं काय गेलं?"

तिनं भाताचा घास कालवणात बुडवला आणि तोंडात घातला. काटा आला तो बोटानं काढून ताटलीच्या कडेला ठेवला. दुसरा घास घेतला. अक्का बघत राहिली. मग ती उठून आत गेली आणि भाताची पातेली आणि कालवणाचा वाडगा घेऊन आली. रिकाम्या झालेल्या ताटलीत तिनं डावभर भात वाढला, वर कालवण घातलं, आणि ताटली पुन्हा माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, मला नको आता. अक्कानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत तर ते आधीपासूनच होतं. त्या सबंध दिवसात मला नीट समजलेली अशी ही एकच गोष्ट. मी त्यातला एक घास घेतला, चावला, गिळला आणि ताटली मायकडं सरकवली. माय जेवली. अक्कानं पुन्हा वाढलं. मी पुन्हा एक घास घेतला.

तिसऱ्या वाढणीला पडद्यापलीकडून आबांनी आवाज दिला की उरकलं का, जल्दी करा, गाडी जुंपायचीय. मायचं तोंड भरलेलं होतं. तिनं घास एका गालात धरला आणि म्हणाली, "थांबा जरा. कौसा जेवून राह्यली."